शिळा व्हायला ठेवलेला भात

माझी जाऊ गोजरबाई भात शिळा व्हावा म्हणून शिजवायची. हसू नका, खरं सांगून राहिले. लोक उरलं म्हणून शिळं खातात. ही बाई आज चूल पेटवायची, भात शिजवायची, अन् कुणाला शिताला हात लावू द्यायची न्हाई. काहून? तर उद्या त्याला फोडणी द्यायची हाय म्हणून! मी लगीन होऊन साखऱ्याला आले, तवा पयल्याच महिन्यात हा तमाशा बघितला अन् मनात म्हणलं, द्वारके, तुला येड्यांच्या घरात दिली गं बाई.

ते साल चौतीस का पस्तीस असंल. निजामाचं राज होतं. आमच्याकडं भात म्हणजे काही रोजची गोष्ट न्हवती. रोज आपली ज्वारीची भाकरी अन् वरण, न्हाईतर ठेचा. भात सणाला, पाव्हण्याला, न्हाईतर आजारी माणसाला. ओढ्याकाठच्या पट्टीत थोडी साळ व्हायची. ती कांडून गोजरबाई तांदूळ मडक्यात भरायची, वरून लिंबाचा पाला, मडक्याच्या तोंडाला फडकं, अन् फडक्याला तिच्या हातची गाठ. दुसऱ्या कुणी गाठ सोडली तर तिला बराबर कळायचं. मी दोनदा सोडली, दोन्ही डाव सापडले.

शिळ्या भाताचं हे येड लेकीपायी लागलेलं. गोजरबाईची पाच बाळंतपणं झाली. चार लेकरं मातीत गेली, एक मिरी तेवढी हाताला लागली. ती पाच वर्साची असताना तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस पोटात काही ठरंना. त्याच टायमाला माझे भासरे किसनराव, म्हणजे गोजरबाईचे मालक, गोरेगावला लग्नाला गेले होते. येताना तिथला उरलेला भात फडक्यात बांधून आणला. भात कसला, नुसती ढेकळं! गोजरबाईनं तो पाण्याच्या हातानं मोकळा केला, वाफ दिली, लसणाची फोडणी घातली, अन् पोरीनं एकवीस दिवसांनी पयला घास मागून घेतला. तवापासून मिरीला भात म्हणजे दुसऱ्या दिवसाचाच. ताजा वाढला तर तोंड फिरवायची. अन् दर खेपेला लग्नाचा उरलेला भात कुठून आणायचा? म्हणून ही आज शिजवायची अन् उद्याची वाट बघायची.

किसनराव तिला चिडवायचे, "आमची बायको हुशार. लोकं शिळ्याला ताजं करतात, ही आधी ताज्याला शिळं करती, मग शिळ्याला ताजं."

ती हसायची अन् आपलंच करायची. तिची रीत सांगते. भात मोकळा शिजवायचा, परातीत पसरून पार निववायचा, मग मडक्यात भरून मडकं ओल्या वाळूत बसवायचं अन् वरून ओलं फडकं घालायचं. दुसऱ्या दिवशी तो पळीनं न्हाई ढवळायचा, बोटं पाण्यात बुडवून एकेक ढेकूळ फोडायचं. मग जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात सैल बांधून, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर चाळण ठेवून तिच्यात ठेवायचा. चार दमाची वाफ, बस. मग करडईचं तेल, जिरं, मोहरी, ठेचलेला लसूण, लाल मिरची, हळद.

अन् मीठ? मीठ सगळ्यात शेवटी. शिजताना मिठाचा खडा बी पडू द्यायची न्हाई. म्हणायची, मिठानं भात पाणी सोडतो अन् आंबतो. खरं का खोटं तिलाच ठाऊक. खाणारा ताटावर बसला की त्याच्या तोंडाकडं बघून ती मीठ टाकायची. उन्हातून आलेल्याला जास्ती, तापातून उठलेल्याला कमी, अन् भांडून आलेल्याला त्याहून कमी. म्हणायची, "द्वारकाला थोडंच टाकते बाई, तिचं तोंड आधीच खारट हाय."

माझं तोंड खारट होतंच. मी काही गोडबोली न्हाई, आज बी न्हाई. एका घरात दोन जावा म्हणलं की भांड्याला भांडं लागायचंच. पण तिच्याशी भांडायला बी मजा नसायची, ती उलटून बोलायचीच न्हाई. मग मीच चार घटका फुगून बसायची अन् मीच जाऊन विचारायची, "भाकरी थापू का?"

आमच्या परसात मातीची बुटकी भिंत होती. भिंतीपल्याड हलीमाचं घर. तिचा नवरा इब्राहीम कल्हईवाला, गावोगाव भाता घेऊन फिरायचा. फोडणीचा वास भिंतीवरून गेला की हलीमाचा आवाज यायचा, "काहून गं गोजरबाई, आज मिरीचा भात का?" गोजरबाई वाटीभर भात भिंतीवरून द्यायची. हलीमाच्या हातचं आमी खायचो न्हाई, तशी रीतच होती, पण तिची वाटी कधी रिकामी परत आली न्हाई. कधी बोरं, कधी चिंचा, कधी शेंगा. तिनं खाऊन अन् भिंतीवरून ऐकून ऐकून ती सगळी रीत पाठ केली होती. मी त्याच घरात राहून केली न्हाई. मला वाटायचं, ही हाय ना करायला.

मोठी लढाई सरली त्या साली मिरीचं लगीन झालं. नदीपल्याड वऱ्हाडात दिली. बैलगाडीनं एका दिवसाची वाट. सणाला यायची, नागपंचमीला यायची, अन् यायचा निरोप आला की आदल्या दिवशी मडक्याची गाठ सुटायची. पण नदीअल्याड निजामाचं राज अन् पल्याड इंग्रजाचं. सत्तेचाळीसला इंग्रज गेला, तिकडं झेंडे लागले, अन् इकडं रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. नाके बंद, वाटा बंद. बाईमाणसानं गावाची शीव ओलांडायची सोय न्हाई राहिली. त्या साली नागपंचमीला मिरी येऊन गेली, ती शेवटची. पुढं सव्वा वर्स लेक-मायची गाठ न्हाई. एक डाव कुणीतरी सांगावा आणला, मिरीला दिवस गेले होते पण राहिले न्हाईत. गोजरबाई त्या दिवशी जेवली न्हाई. मडक्याजवळ जाऊन बसली, गाठ चाचपून बघितली अन् उठली.

मग अठ्ठेचाळीसच्या भादव्यात फौज आली अन् चार-पाच दिवसांत निजामाचं राज बुडालं. गावात गुलाल उडाला. पण आता भ्यायची पाळी भिंतीपल्याडच्यांची आली. इब्राहीम हिंगोलीला गेला होता, तो परतलाच न्हाई. जिता हाय का मेला हाय, कुणी सांगंना. हलीमा दाराला आतून कडी घालून एकली बसलेली. आमच्या मालकानं, संतरामनं, मला दटावून सांगितलं, "त्या घराशी बोलायचं न्हाई, गाव काय म्हणंल." अन् मी न्हाई बोलले. भेले म्हणा, का मला तेवढं पडलं न्हवतं म्हणा. गोजरबाई मातर रोज भिंतीवरून भाकरी ठेवायची. तिला बी दटावलं, तिनं ऐकून घेतलं अन् दुसऱ्या दिवशी परत भाकरी ठेवली.

त्या पावसाळ्यात तिला हिवताप धरला होता. एक दिवसाआड हुडहुडी भरायची. अंगात काही राहिलं न्हवतं, पण कामाला उठायची. अन् आश्विन लागल्यावर सांगावा आला, वाट खुली झाली, मिरी मंगळवारी दिवेलागणीपस्तोर गाडीनं येऊन राहिली.

सोमवारी तिला ताप होता. मी म्हणलं, "जाऊबाई, पडून राहा, उद्या मी ताजा भात टाकीन." ती म्हणली, "ताजा तिला चालत न्हाई." उठली, भिंतीला धरून मडक्यापस्तोर गेली अन् गाठ सोडली. तिला गाठ सुटंना. दातानं सोडली. तांदूळ दीड-दोन वाट्याच होते, सव्वा वर्स कुणाला हात न लावू देता ठेवलेले. तिनं शिजवले अन् परातीत पसरले. घरभर भाताचा वास सुटला. माझी धाकटी, तीन वर्साची पोरगी, ताटली घेऊन परातीपाशी जाऊन उभी राहिली.

"मोठी आई, भात."

गोजरबाईनं तिला जवळ घेतलं. "उद्या, माय. उद्या मिरी आली की सगळ्यांना."

पोरीनं भोकाड पसरलं. अन् माझं टाळकं सरकलं. दिवसभर तिचं अन् माझं, दोघींचं काम मी ओढत होते, ते बी डोक्यात होतं. मी पोरीला हाताला धरून वढली अन् म्हणलं, "चल गं. लोकाच्या घरी दिलेल्या लेकीसाठी भात हाय, घरच्या लेकराला घास न्हाई. म्हणं उद्या! उद्या कुणी बघितलाय?"

ती परातीतला भात पसरत राहिली. मी रागारागानं गोठ्यात निघून गेले. माझ्या जिभेला हाड न्हाई, पण त्या दिवशी असती सुरी तर मी ती जीभ कापली असती, इतकं मला पुढं वाटलं. तवा न्हाई वाटलं. तवा मी शेण काढत होते अन् मनात बडबडत होते.

मंगळवारी दिस उगवायला गोजरबाई गेली. मी चहाचं पाणी घेऊन गेले तर अंग गार. तोंड भिंतीकडं होतं अन् हात वाळूतल्या मडक्याकडं लांबवलेला.

गाव गोळा झालं. लेकीची वाट बघायची का, हा सवाल निघाला. किसनराव दगडासारखे बसलेले. मंडळी म्हणली, वाट नुकती खुली झालेली, पोरगी येती का न्हाई कुणास ठाऊक, ऊन तापून राहिलंय. दुपारी नेली तिला. अन् आमच्या चुलत सासू रुख्मिणीबाई, जन्माच्या अन् मरणाच्या सगळ्या रीती त्यांच्याकडं, त्या मला म्हणल्या, "द्वारका, घरातलं शिजलेलं अन् भरलेलं सगळं बाहेर टाक. भाकर, कालवण, पाणी, काही ठेवायचं न्हाई. मेल्याच्या घरातलं अन्न खात नसतात."

रीत मला बी ठाऊक होती. मी रांजण पालथा केला, कालवण ओतलं, भाकरी बैलापुढं टाकल्या. मग भाताचं मडकं उचललं अन् परसात उकिरड्यापस्तोर गेले. हात वर केला अन् हात खाली येईना. सव्वा वर्स जपलेले तांदूळ! दातानं गाठ सोडून शिजवलेले! मी तिथंच मडकं पोटाशी धरून बसले अन् रडले. तोवर मी रडलेच न्हवते.

भिंतीपल्याडून हलीमाचा आवाज आला, अगदी हळू. "द्वारका. इकडं दे ते."

मी वर बघितलं. ओढणीतून दोन डोळे अन् भिंतीवर दोन हात. महिनाभर मी त्या बाईशी एक शब्द बोलले न्हवते.

मी म्हणलं, "हलीमा, मेल्याच्या घरातलं हाय."

"तुमच्या घरात मेलं गं. माझ्या घरात आज तरी कुणी मेलं न्हाई," ती म्हणली. "दे. मिरीला घेऊन ये."

मी इकडं तिकडं बघितलं अन् मडकं तिच्या हातात दिलं.

दिवे लागायच्या टायमाला गाडी आली. वेशीतच कुणीतरी मिरीला सांगितलं असणार, कारण ती उतरली तवा तिला सगळं ठाऊक होतं. घरात आली. माय जिथं झोपायची ती जागा बघितली. वाळूत मडक्याचा गोल खळगा तसाच होता, तो बघितला. अन् बसली. बायकांनी गळा काढला, तिच्या गळ्यात पडल्या, पण पोरगी रडली न्हाई. शेजारणींनी आणलेली पिठलं-भाकरी पुढं ठेवली, तिला हात लावला न्हाई. डोळे नुसते उघडे. रुख्मिणीबाई माझ्या कानात म्हणल्या, "हिला रडव गं कुणीतरी. अशी राहिली तर वेडी व्हईल पोरगी."

मी तिला म्हणलं, "मिरे, चल, परसात हातपाय धू." धाकटीला कडेवर घेतली, मिरीचा हात धरला अन् भिंतीला पडलेल्या खिंडारातून हलीमाच्या घरात शिरले. मिरीनं विचारलं बी न्हाई कुठं चाललो ते.

हलीमाच्या चुलीवर पाणी उकळत होतं. तिनं मडक्याचं फडकं काढलं अन् मला म्हणली, "हे बघ. हे कुणाचं?"

भाताच्या वर पळसाचा एक बारका द्रोण होता. त्यात मूठभर भात येगळा काढून, वर पानाचंच झाकण घालून ठेवलेला. घरात एवढ्या बारक्या द्रोणात जेवणारं एकच माणूस होतं, अन् ते माझ्या कडेवर होतं. मी गोठ्यात बडबडत होते, तवा ती तापानं फणफणलेली बाई माझ्या लेकीचा वाटा काढून ठेवत होती. मी तिला मांडीवर घेऊन तिथंच बसले.

हलीमानं बोटं पाण्यात बुडवली अन् ढेकळं मोकळी केली, अगदी गोजरबाईसारखी. तिच्याकडं जुनं धोतर कुठलं? इब्राहीमच्या धुतलेल्या मुंडाशाच्या कापडात बांधून वाफ दिली. फोडणी दिली. तोच वास, तसूभर फरक न्हाई. मिरीनं त्या वासानं मान वर केली. सांजेपासून पयल्यांदा तिच्या डोळ्यांत काही हललं.

हलीमानं ताटली पुढं ठेवली. कुणाचं घर, कुणाची ताटली, पोरीनं काही बघितलं न्हाई. घास घेतला. चावला. अन् थांबली. आमच्या दोघींकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं, जशी तिथून कुणी येणार हाय.

"काकू," ती म्हणली, "याच्यात मीठ न्हाई."

हलीमानं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! इसरले गं. मला ती रीत भिंतीवरून ठाऊक. वाटीत यायचा तो भात मीठ पडलेलाच यायचा." ती मिठाच्या गाडग्याकडं उठली.

मिरीनं तिचा पदर धरला. "नको मावशी. नको टाकू."

"अगं अळणी कसा खाशील?"

"मीठ माय टाकायची," मिरी म्हणली. "माझ्या तोंडाकडं बघून टाकायची." अन् मग तिच्या पोटातून जो हंबरडा निघाला तो सगळ्या गावानं ऐकला असंल. "आता कोण बघंल गं माझ्या तोंडाकडं! काकू, एक दिवस थांबायचं होतं ना तिनं! एकच दिवस!"

हलीमानं तिला पोटाशी घेतली. ती बी रडायला लागली, तिचं तिचं दुःख होतंच. मी भिंतीला टेकून बसले. भेण्याची माझी सवय कुठं गेली होती कोण जाणे. उघड्या दारातून परसाच्या भिंतीवर रुख्मिणीबाईचं डोकं दिसलं. सगळं बघितलं त्यांनी, ताटली, चूल, हलीमा. मला वाटलं, झालं, आता ही बोंब मारती. त्या उलीसा वेळ उभ्या राहिल्या, डोळ्याला पदर लावला अन् मागं फिरल्या. गावात पुढं कळलं, बोलणारे बोलले, संतरामनं बी मला चार शब्द सुनावले. रुख्मिणीबाईनं मातर मरेपस्तोर त्याचा शब्द काढला न्हाई.

मिरी रडत रडत जेवली. सगळा भात खाल्ला, अळणीच, एक शीत बी न ठेवता. माझ्या धाकटीनं तिच्या द्रोणातला भात खाल्ला अन् द्रोण चाटून म्हणली, "उद्या अजून?" मी पदरानं तिचं तोंड पुसलं.

इब्राहीम दिवाळीच्या आधी घरी आला. हाडं मोजून घ्यावीत असा झाला होता, पण आला. मिरी पुढं दर साली यायची, दोन लेकरांची माय झाली. तिला मी कधी शिळा भात करून दिला न्हाई अन् तिनं कधी मागितला न्हाई.

माझ्या सुना मला हसतात. म्हणतात, आत्याबाई, तुमी तांदूळ चुलीवर चढवला की लगेच मीठ टाकता, अन् भात उतरला की भांडं वाजवून सगळ्यांना बोलावता, असली काय घाई? मी सांगते, घाई हाय मला. गरम हाय तवर खा, पोटभर खा, कुणासाठी वेगळं काढायचं ते आत्ताच त्याच्या हातावर ठेवा. माझ्या घरात भात उद्यासाठी ठेवत न्हाईत.